रुसलेला स्टार्टर

जावयाची अंगठी खिशात घालून लेकीच्या साखरपुड्याला गंगापूरला निघालो, तर पडेगावातच भाड्याची जीप नुसती 'टक' म्हणाली. मुहूर्त जवळ आला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून पाहिला.

"बॅटरी खणखणीत हाय, काका. स्टार्टर रुसलाय."

गिअर न्यूट्रलला टाकून तो खाली शिरला आणि पान्यानं स्टार्टरला हलक्या टपल्या मारल्या.

"मारा आता चावी!"

मी चावी फिरवली. इंजिन धडधडलं.

गंगापूरला मी त्याला आत बोलावलं, पण त्यानं इंजिन बंदच केलं नाही.

"नाय काका, निजली की लई नखरे करती. दारातून दिसतंय की समदं."

एरवी मी जळणाऱ्या डिझेलचा हिशोब मांडला असता. त्या दिवशी पेढे बाहेर पाठवले.

जावयाच्या बोटात अंगठी गेली आणि बाहेर लांबलचक हॉर्न वाजला. बॅटरी खरंच खणखणीत होती.