मावशीने अर्धवट सोडलेला सिनेमा

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. शिकागोजवळ नेपरव्हिलमध्ये डॉक्टर होती, आता रिटायर झाली आहे. काका जाऊन बरीच वर्षं झाली. सिनेमाचं वेड तिला कधीच नव्हतं, म्हणून एका शनिवारी तिचा फोन आला तेव्हा मला नवल वाटलं. "लायब्ररीत जुना मेक्सिकन सिनेमा आहे. बर्फात मला ड्राइव्ह करवत नाही, तू घेऊन चल."

आम्ही बसतोय तोवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ येऊन तिच्या शेजारी बसले. मावशीने ओळख करून दिली. मूळचे मेक्सिकोचे, शाळेत गणित शिकवायचे, पत्नी वारलेली. तिघांना पुरतील एवढे शेंगदाणे त्यांनी खिशातून आणले होते.

सिनेमा काळा-पांढरा होता. जमीनदाराची मुलगी आणि त्याच्याच तबेल्यात घोडे सांभाळणारा तरुण. ते गृहस्थ रंगून बघत होते. मावशीचं मात्र लक्ष नव्हतं. कोट काढायची, पुन्हा घालायची, दाराकडे बघायची. बापाने मुलीला खोलीत कोंडलं तशी मावशी उठून बाहेर गेली. मीही मागोमाग गेले.

"बरं वाटत नाहीये का?"

"बरी आहे. ही पोरगी बापाचं ऐकणार, दिसतंय. मला नाही बघवत." मग काचेतून पार्किंग लॉटकडे बघत म्हणाली, "आम्ही दोघं लग्न करायचं म्हणतोय."

मी विचारलं, "दादाला सांगितलंस?" दादा म्हणजे तिचा मुलगा, दूर पश्चिम किनाऱ्याकडे बेलव्ह्यूला असतो.

"सांगितलं. म्हणाला, सोबत हवी असेल तर माझ्याकडे राहायला ये. मी सोबत मागत नव्हते गं."

दुसऱ्या दिवशी दादाचा मला फोन. "तू समजाव तिला. या वयात हे काय? आणि कोण कुठले ते गृहस्थ!"

"चांगले आहेत," मी म्हटलं. त्याने फोन ठेवला. पुढचे कितीतरी दिवस माझं कशात मन लागेना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेली असले तरी फोन वाजल्यासारखा वाटायचा. दादा माझा भाऊच, लहानपणी एका ताटात जेवलेलो आम्ही.

लग्न कोर्टात झालं. मावशी हिरव्या पैठणीवर जाड कोट घालून आली. साक्षीदार म्हणून मी सही केली. दादा आला नाही. त्याची मुलगी शिकागोला शिकते, ती ट्रेनने आली. "डॅडला सांगून आलेय मी," एवढंच म्हणाली आणि आजीला घट्ट मिठी मारली.

उन्हाळ्यात दादाचे मावशीला फोन पुन्हा सुरू झाले. तो तिच्या गुडघ्यांची चौकशी करतो, हवेबद्दल बोलतो, तिच्या नवऱ्याचं नाव मात्र काढत नाही. फोन वाजला की ते टीव्हीचा आवाज बंद करून मागच्या अंगणात जातात. मावशी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालते. तो आज तरी त्यांच्याबद्दल विचारेल, असं तिला दर वेळी वाटतं.