धाकटीनं दाखवलेला विषाणूचा सिनेमा

सिनेमा टुकार निघाला याचा मला मनातून आनंदच झाला, कारण तिकिटं माझ्या धाकट्या बहिणीनं काढली होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला सख्ख्या बहिणीचा हेवा वाटतो हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. तिचा विजापूर रोडला फ्लॅट, मी पेठेतल्या दोन खोल्यांत. तिचे केस अजून काळेभोर, माझे मेंदीनं लाल. हे सगळं मी सोडून दिलं असतं. एक गोष्ट मात्र सुटत नव्हती, ती पुढं सांगते.

"अक्का, लई भारी हाय म्हणतात, चल की," ती फोनवर म्हणाली होती. दुपारचा शो होता. मी पर्समध्ये लपवून कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली, कारण तिला ती आवडते. हेवा वाटतो म्हणून काय झालं, बहिणीला उपाशी थोडीच बसवणार.

सिनेमा परदेशातला, हिंदीत डब केलेला. एका विषाणूनं सगळं जग मरतं आणि एक हिरो आणि एक बाई तेवढी उरतात. जग बुडालं, सलूनं बंद पडली, तरी हिरोची दाढी पहिल्यापासून एकाच मापाची. बाई गटारातनं पळते आणि भुवया नुकत्याच कोरलेल्या. मग ती त्या ओसाड शहरातल्या एका घरात शिरते, नळ सोडते आणि धो धो पाणी येतं. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "हितं माणसं जित्ती हायत तरी पाच दिवसाआड येतंय की." अख्खं थेटर हसलं. सगळ्यात मोठ्यानं मी हसले आणि धाकटीला म्हणाले, "चांगला शोधून काढलास गं." तिचं तोंड पडलं. मला बरं वाटलं.

मग तो सीन आला. हिरोला मागचं आठवतं. त्याचा बाप दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय. हिरो पांढरा प्लास्टिकचा सूट घालून आत जातो, हातमोजा काढून फेकतो आणि बापाचा हात हातात घेतो. बापाला ना धाप, ना खोकला. तो चांगलं दहा मिनिटं भाषण करतो, मुलाच्या डोक्यावरनं हात फिरवतो आणि हसत हसत मरतो. कंटाळून लोकांनी मोबाईल काढले. मी मात्र रडत होते. त्या टुकार हिरोचा मला हेवा वाटला, आणि शेजारच्या खुर्चीतल्या बहिणीचा त्याहून जास्त.

आमचे अप्पा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्याआधी सहा वर्षं ते माझ्याकडं होते. त्यांना आंघोळ मी घालायची, नखं मी काढायची, सकाळच्या इष्टलिंगाच्या पूजेला बेल मी आणायची. त्यांना ताप आला, पाठोपाठ मला आला. त्यांना दवाखान्यात नेलं आणि मला घरात कोंडलं. ते गेल्याचा फोन आला तेव्हा एकाच माणसाला आत सोडणार होते. धाकटी गेली.

आमच्या लिंगायतांत माणूस गेला की कपाळाला विभूती लावतात, गळ्यातलं इष्टलिंग त्याच्या हातात देतात आणि बसवून पुरतात. बसवणं त्या दिवसांत जमणारच नव्हतं. बाकीचं धाकटीनं केलं. बाहेर येऊन तिनं मला फोनवर सांगितलं की तोंड बघितलं, शांत होते, विभूती लावली, दवाखान्यानं काढून ठेवलेलं लिंग परत हातात दिलं. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला आमची आत्या तिला जवळ घेते आणि म्हणते, "पोरीनं पोराचं काम केलं." मी तिथंच पंगतीत वाढत असते. माझी सहा वर्षं कुणाच्या तोंडातनं निघत नाहीत. मी जळायचे, खरं सांगते. ताटात भात जास्त पडायचा एवढी जळायचे.

आणि त्या सीनला ही बया हसायला लागली. आधी ओढणी तोंडात धरून, मग मोठ्यानं. पडद्यावर बाप मरतोय आणि ही हसतेय. लोक वळून बघायला लागले तसं मी तिचं मनगट धरलं आणि तिला बाहेर जिन्यापाशी आणलं.

"काही वाटतं का तुला?" मी म्हणाले. "त्या हिरोला सिनेमात मिळालं ते तुला खरोखरचं मिळालं. मला काहीच मिळालं नाही. आणि तू हसतेस व्हय?"

तिचं हसू थांबलं. "अक्का, इल्ली केळ," ती म्हणाली. इकडं ऐक. काही मनातलं बोलायचं असलं की आम्ही दोघी कानडीत शिरतो. पण पुढचं ती मराठीतच बोलली, जिन्याच्या कठड्याकडं बघत.

"तोंड मी बघितलंच नाही. मी आत गेले तेव्हा पिशवीची चेन लावून झाली होती. दोन पिशव्या होत्या, शेजारी-शेजारी, एकाच उंचीच्या. वरच्या चिठ्ठ्यांची शाई औषध मारून मारून पसरली होती. मी विचारलं, आमचे कुठले? वॉर्डातला माणूस म्हणाला, लवकर उरका ताई, यादी खाली आहे."

"मग?"

"मग दोघांनाही विभूती लावली. प्लास्टिकवरनंच." तिनं पर्स छातीशी धरली. "लिंग एकच होतं की."

मी कठड्याला टेकले.

"कुणाच्या छातीवर ठेवू? चुकून दुसऱ्याच्या गेलं असतं तर? परत घेऊन आले. खाली यादी बघून त्यांनी एक पिशवी आमची म्हणून गाडीत चढवली. मी गप्प बसले. तू तापात होतीस. फोनवर सारखं विचारत होतीस, हातात दिलंस का, दिलंस का. मी हो म्हणाले. नंतर ते फिरवता येईना."

तिनं पर्स उघडली. मोबाईल, किल्ल्या, माझ्याच चटणीची पुडी, आणि तळाशी रुमालात बांधलेली अप्पांची चांदीची डबी. लिंग आत ठेवून गळ्यात घालायचे ती. पार काळी पडली होती. घरात ठेवायला भीती वाटते म्हणून ती रोज बरोबर बाळगते, असं म्हणाली. पूजा करतेस का, मी विचारलं. "मला कुठं येते? तुलाच येते," ती म्हणाली आणि डबी माझ्या हातावर ठेवली.

तिची दया यायला पाहिजे होती. आली, पण नंतर. आधी जे आलं ते सांगते. इतकी वर्षं अप्पा हिच्या पर्समध्ये होते आणि हिनं मला एकदाही दाखवले नाहीत.

डबी मी माझ्या पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली. तिनं परत मागितली नाही. पण माझ्या पर्सवरनं तिची नजर हलेना. ती नजर मला चांगली ओळखीची होती. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती माझ्या डोळ्यांत असायची.

आत अजून कुणीतरी धाडधाड गोळ्या झाडत होतं.

"सकाळी लवकर ये," मी म्हणाले. "येताना बेल तू आणायचा."