कॅमेऱ्यासमोर गयाबाई

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा आमचे कॅमेरामन दिनकरराव तापाने फणफणले होते. त्यांना अमरावतीच्या इस्पितळात ठेवलं आणि कॅमेरा माझ्या गळ्यात पडला. मुंबईत मी संकलनाच्या टेबलावर फिल्म कापणारी-जोडणारी बाई. कॅमेरा दोन-चारदाच चालवलेला. सिनेमा कसा तयार होतो यावर आम्हाला छोटा माहितीपट करायचा होता, आणि एका युनिटचं चित्रीकरण गावाबाहेरच्या संत्र्याच्या बागेत चाललं होतं.

लॉजवर वाढणाऱ्या काकूंनी विचारलं, "वरणात सांबार टाकू का?" मी मद्रासी सांबाराच्या धास्तीने नको म्हटलं. निघाली ती कोथिंबीर; तिकडे तिलाच सांबार म्हणतात! काकू हसल्या. मला मात्र कॅमेऱ्याचीच काळजी होती. भरताना फिल्मवर उजेड पडून ती वाया गेली तर?

बागेत युनिटच्या व्यवस्थापकाने बजावलं, "नायक, नायिका, दिग्दर्शक, एवढेच घ्या. बाकी कोणी नको."

मागच्या तंबूत अकोल्याच्या गयाबाई शिलाई मशीनवर नायिकेचा घागरा उसवून पुन्हा शिवत होत्या. दुपारी सगळे पंगतीत बसले, त्या एकट्या तंबूमागे.

"इकडे का बसलात?"

"आमी धम्म घेतला, बाई. तरी ताट येगळंच." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी सगळ्याईले घेऊन राहिल्या. मले काहून नाई घेत? मी बी तं सिनेमातच काम करून राहिली."

मी तंबूत कॅमेरा लावला. तेवढ्यात व्यवस्थापक आला आणि त्याने भिंगावर पंजा ठेवला. "फिल्म फुकट घालवू नका. हिला कोण बघणार?"

"कपडे कोण शिवतं ते दाखवायला नको?" माझा आवाज मलाच ऐकू येईना.

"मग हिला उद्यापासून काम नाही."

मी कॅमेरा उचलू लागले. गयाबाई म्हणाल्या, "नोका उचलू. मले काढाचं असन तं काढू द्या. तुमी घ्या." त्यांनी पदर सारखा केला आणि मशीन चालू केलं. सगळं युनिट पाहत होतं. व्यवस्थापकाने हात काढला. मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी तंबूत दुसरा शिंपी होता.

दिनकरराव बरे झाल्यावर परतताना मी अकोल्याला उतरले. गयाबाई घरी शेजारणीचं पोलकं शिवत होत्या. मी माफी मागू लागले, तर त्यांनी पुढ्यात पोह्यांची ताटली ठेवली. "खा आधी. वाळल्या किती!" निघताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचा सिनेमा अकोल्यात लागला तं सांगजा. पोरीले दाखवीन."

मुंबईपर्यंत मी फिल्मचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. चित्र स्वच्छ उतरलं होतं. वरिष्ठांनी गयाबाईंचं दृश्य कापायला सांगितलं. मी भांडले, रडलेही, आणि ते राहिलं. पुढे तो माहितीपट कुठे कुठे दाखवला, आम्हाला कळवत नसत, म्हणून गयाबाईंनाही मी सांगू शकले नाही. अकोल्याच्या एखाद्या थिएटरात मुख्य सिनेमाआधी दिवे मालवले जातात, तेव्हा गयाबाई तिथे असतील का, या विचाराने मला अजून अस्वस्थ होतं. त्यांचं काम गेलं. माझं राहिलं.