ॲल्युमिनियमचा फाळका

गोकुळ रोडवर माझी शेड आहे. पिकअपच्या मागची, माल भरायची बॉडी मी बांधतो. बांधत होतो म्हटलं तरी चालेल. लोखंडी चॅनल, त्यावर जाड पत्रा, बाजूला उघडणारे फाळके. माझ्या हातची बॉडी ओळखायची तर वर चढून दोन उड्या मारायच्या. खडखडली तर ती माझी नव्हे.

मुलानं नवी पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा मी धरूनच चाललो होतो की नुसती केबिन आणि सांगाडा घेऊन येईल, मागचं मी बांधीन. दुसऱ्या कुणाकडं जाणार? चॅनलसुद्धा आणून ठेवले होते. तर पठ्ठ्या सगळी तयार गाडीच घेऊन दारात उभा. मागची बॉडी ॲल्युमिनियमची, पुढचा बंपर प्लास्टिकचा. केबिनमध्ये पडदा, त्यात गाडीच्या मागचं दिसतं. गाडी कुठं आहे ते मोबाइलवर कळतं. मी फाळक्यावर टिचकी मारली, तर खाऊच्या डब्यासारखा वाजला. भातुकली आणलीस की रे, म्हटलं. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं की गाडी हलकी असली की तेवढाच माल जास्त बसतो आणि डिझेलही कमी जातं. बरोबरच होतं त्याचं. म्हणून तर डोक्यात जास्त तिडीक गेली.

आमच्याकडं खंडेनवमीची एक रीत आहे. शेडमध्ये बांधलेल्या गाड्या त्या दिवशी शेडवरच येतात, पहिलं कुंकू मी लावतो, मग मालक चाकापुढं कोहळा फोडतो. त्या वर्षी जुनी गिऱ्हाइकं आली, थोडीच, पण आली. माझ्या पोराची गाडी शोरूमच्या पूजेला गेली. तिथं भटजी, पेढे, फोटो, सगळा थाट होता म्हणे. घरी बायकोनं त्यातला पेढा माझ्या पुढं केला. मी हात लावला नाही.

खोटं कशाला बोलू? मनात एकच होतं. त्या गाडीला काहीतरी व्हावं. मोठं नको, पोराच्या अंगाला लागेल असं तर नकोच नको. पण एकदा त्यानं ती घेऊन माझ्या शेडच्या दारात यावं.

आला. बेलूरच्या कारखान्यातून ओतीव लोखंडाचा माल आणताना त्यातला एक तुकडा सरकला आणि फाळका बिजागरीपासून हातभर फाटला. शोरूमवाले म्हणाले, हा जोडत नाहीत, अख्खा बदलतात. नवा कधी येईल ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. पोरगा गाडी तशीच शेडवर घेऊन आला आणि म्हणाला, "अप्पा, बघा की, जमतं का."

माझी छाती केवढी फुगली म्हणून सांगू. हातातलं काम बाजूला सारलं. ॲल्युमिनियम जोडायची वेगळी कांडी मिळते, ती बाजारातून आणली. फाळका उतरवला, घासला, गॅस पेटवला. पोरगा शेजारी उभा होता. हलक्या मालाचं हे असंच असतं, असं मी त्याला ऐकवतही होतो.

लोखंड तापलं की आधी लाल होतं, मग पिवळं. तो रंग बघून हात चालतो. उभा जन्म मी रंगच बघत आलो. कांडी लावायच्या आधी मी फाळका लाल व्हायची वाट बघत राहिलो. तो लाल झालाच नाही. ॲल्युमिनियम वितळेपर्यंत लाल होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पांढऱ्याचा पांढराच होता, आणि बघता बघता मधला भाग ढासळून खाली पडला. आधी नुसती चीर होती, आता परातीएवढं भोक.

मी गॅस बंद केला. वाटलं, आता हा बोलणार. बोलायला हवं होतं त्यानं. गाडी आणल्यापासून मी तिला नावं ठेवत होतो. त्यानं माझी खरडपट्टी काढली असती तर मीही आवाज चढवला असता, नेहमीसारखे भांडलो असतो आणि मग जेवायला घरी गेलो असतो.

तो चिडला नाही. सिलिंडरची चावी नीट बंद आहे ना, ते त्यानं वाकून बघितलं. माझ्या शेडमध्ये, माझ्या सिलिंडरची. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असू द्या अप्पा. नवा फाळका मी आधीच सांगून ठेवलाय. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून हा आणला होता."