अक्काचे बांधलेले हात

अक्काला शेवटचं पाहिलं ते धुळ्याच्या एका दवाखान्यात. माझी ही थोरली बहीण जन्मापासून ठार बहिरी, बोलायची ती हातांनी. आणि तेच दोन्ही हात पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले! नर्स म्हणाली, "नळ्या ओढतात हो सारख्या. आणि पाणी पाणी करतात, दिलं तर पीत नाहीत." तोंडाने तिला तो एकच शब्द यायचा. हात बांधल्यावर बिचारीने तोच सगळ्यासाठी वापरला असणार...

तो शब्दही जळगावच्या शाळेत असेच हात बांधून शिकवलेला. खुणा केल्या की मूल बोलायला शिकत नाही, असं तिथल्या गुरुजींचं ठाम मत. सुट्टीत घरी आली की अक्का आधी पोटभर हातवारे करून घ्यायची. माझ्या हनुवटीवर व्रण आहे, म्हणून स्वतःच्या हनुवटीवर बोट टेकवायचं, हे तिने मला ठेवलेलं नाव.

पुढे अमळनेरच्या एका बहिऱ्या मुलाचं स्थळ आलं. दोघं ओट्यावर हातांनी बोलत बसली होती. अक्काला इतकं हसताना मी पुन्हा कधी पाहिलं नाही. वडिलांनी, म्हणजे आबांनी, मोडता घातला. "दोन्ही बहिरा शेतस, पोरे बी बहिराच व्हतीन," म्हणाले आणि उठले. अक्का तशीच राहिली, लोकांचे ब्लाउज शिवत.

माझ्या मुलीने कॉलेजात वाचलं, अमेरिकेतही शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या खुणा बंद पाडल्या, मुलांच्या हातांवर मारलं. बहिऱ्यांनी आपसांत लग्नं करू नयेत, असं तिथलेही शहाणे सांगत. अक्काला वाटायचं, एवढ्या पुढारलेल्या देशात तरी आपल्यासारख्यांचं बरं असेल. मी हे सांगितल्यावर तिने शिवणयंत्र थांबवलं. मग हात हलले, "तिथंही?"

दवाखान्यात भांडून पट्टी सोडवली, तेव्हा हात सुजलेले होते. बोटं थरथरली, खूण काही उमटली नाही. संध्याकाळी ती गेली. तिला काय हवं होतं, ते कधीच कळणार नाही.

महिना होत आला. तिच्या खोलीत खिडकीशी दोन खुर्च्या समोरासमोर आहेत, बोलताना हातांवर उजेड पडावा म्हणून तिनेच मांडलेल्या. परवा मी माझ्या खुर्चीत बसून आलो. हनुवटीवर बोट टेकवून मला हाक मारणारं आता कुणी नाही.