इस्पिकचा राजा आणि आमची गॅलरी

शारजात येण्याआधी मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचो. दहावीच्या वर्गाला दुसरं महायुद्ध असायचं, आणि परीक्षेत एक प्रश्न ठरलेला: 'कारणे द्या. हुकूमशाहीच्या उदयामुळे जग महायुद्धाकडे ढकलले गेले.' गुण पाच. व्हर्सायचा अपमानकारक तह, आर्थिक संकट, हुकूमशहांचा उदय, राष्ट्रसंघाचं अपयश आणि दोस्तराष्ट्रांनी केलेलं हुकूमशहांचं लांगूलचालन. हा शेवटचा शब्द मुलं हमखास चुकवायची. 'लांगुलचालन' असा ऱ्हस्व 'गु' दिसला की मी अर्धा गुण कापत असे. त्या अर्ध्या अर्ध्या गुणांची मला आज लाज वाटते, कारण पोरांना शब्द लिहिता येत नव्हता एवढंच. पुढे मी स्वतः ती गोष्ट आठ महिने करत होतो आणि मला ती ओळखता आली नाही.

पगार परवडेना म्हणून नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी इकडे आलो, आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका ॲल्युमिनियमच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर झालो. राहायला एका जुन्या दुमजली इमारतीचा वरचा मजला. तिथे तीन खोल्या आणि तिन्हींत मिळून एक स्वयंपाकघर. एका खोलीत केरळचे शिंपी, दुसरीत पेशावरकडचे ड्रायव्हर, जे रात्री ट्रक चालवून दिवसा झोपत, आणि तिसरीत आम्ही मराठी: कराडचे दोन वेल्डर भाऊ, गुहागरचा एक सुतार, टाय लावून टाइल्स विकणारा नाशिकचा एक सेल्समन आणि मी. सगळे मला मास्तर म्हणत. आमच्या खोलीला गॅलरी होती, इतरांना नव्हती. त्यामुळे आम्ही स्वतःला थोडं वरचढ समजायचो.

मेसचा मॅनेजर आम्ही पत्त्यांवर ठरवायचो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पत्ते वाटायचे, इस्पिकचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने महिनाभर बाजार करायचा आणि जेवणाचं बघायचं. मग तेच पत्ते पिसून मेंढीकोट. माझी खेळण्याची एक खोड होती. हुकमाचं पान हातात आलं की ते मी टाकायचोच नाही. पुढे उपयोगी पडेल म्हणून धरून ठेवायचो. डाव संपायचा आणि हुकूम माझ्या हातात तसाच. माझा भिडू नेहमी सुतार असे. तो नुसता बघायचा.

सेल्समनला पहिल्यांदा राजा आला तेव्हा त्याने पिठलं केलं. ते भांड्याला असं चिकटलं की धाकट्या वेल्डरने ते उलटं धरून डोक्यावर टोपीसारखं घातलं, तरी एक थेंब पडला नाही. आम्ही पोट धरधरून हसलो. मग ते भांडं सेल्समनच्या डोक्यावर ठेवून फोटोही काढला, आणि तो फोटो महिनाभर भिंतीवर होता. तो फोटो मी काढला होता. इतिहासाच्या मास्तराने. व्हर्सायचा तह शिकवताना मी नेहमी सांगायचो, की हरलेल्याला असं कधी नमवू नये, पुढे महागात पडतं.

मग आर्थिक संकट आलं. ऑक्टोबरात राजा थोरल्या वेल्डरला गेला आणि त्याने मेसच्या पैशांतून टेपरेकॉर्डर आणला. महिना संपेपर्यंत आम्ही खुबूस, म्हणजे इथली स्वस्त अरबी रोटी, आणि कांदा खाल्ला, गाणी ऐकत. तेव्हा सेल्समन उभा राहिला. ऑफिसातून आला होता, टाय होता. म्हणाला, शिस्त नाही म्हणून हे दिवस आलेत. सगळं माझ्याकडे द्या, घडी बसेपर्यंत. दर महिन्याला पत्ते वाटणं बंद. आणि त्याने गठ्ठ्यातून इस्पिकचा राजा काढला आणि शर्टाच्या खिशात घातला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वयाने मोठा आणि शिकलेला. मी म्हणालो, "घडी बसेपर्यंत हरकत नाही."

पुढची मेंढीकोट आम्ही एक्कावन्न पानांत खेळलो.

खरं सांगायचं तर सुरुवातीला छानच चाललं. इटलीत म्हणे हुकूमशहा आल्यावर गाड्या वेळेवर धावू लागल्या. आमच्याकडे वरण वेळेवर उकळू लागलं. भांडी लखलखली. चपला दाराबाहेर एका रेषेत. टेपरेकॉर्डर जप्त. मी घरी पत्रात लिहिलं, की आता मॅनेजर चांगला मिळालाय, त्याच्यामुळे खोलीला वळण लागलं.

मग त्याची नजर सुतारावर गेली. सुतार सुट्टीवरून येताना सुके बोंबील आणि सुकट आणायचा आणि महिन्यातून दोनतीनदा भाजायचा. मॅनेजरचं म्हणणं, शर्टाला वास लागतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. आधी ठरलं, बोंबील गॅलरीत भाजायचे. सुतार गॅलरीत भाजू लागला. मग ठरलं, बोंबलांचा डबाही गॅलरीत. डबा गेला. मग मॅनेजरने मला बाजूला घेतलं. डबा तिथे तर माणूसही तिथे का नको? थंडीचे दिवस आहेत, गॅलरीत उलट मस्त झोप लागेल. एकदा ही गॅलरी दिली की खलास, माझी दुसरी काही मागणी नाही.

ही ओळ मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली होती. ही माझी शेवटची मागणी आहे, असं तो जर्मनीचा हुकूमशहा म्हणाला होता, आणि छत्रीवाले इंग्रज पंतप्रधान कराराचा कागद फडकवत घरी आले होते. पण समोर टाय लावलेला नाशिकचा माणूस, हातात चहाचा कप, आवाज मऊ. मी म्हणालो, पण उन्हाळा लागला की आत. तो म्हणाला, "इन्शाल्ला." मला फार बरं वाटलं. भांडण न होता प्रश्न मिटवल्याचा मला अभिमानच वाटला.

सुतार कामावरून आला तेव्हा त्याची गादी गॅलरीत अंथरलेली होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. शांतता, सलोखा, थंडी. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, गॅलरी कोणाला द्यायची ते तुम्ही दोघांनी ठरवलंत. मी तेव्हा कुठे होतो?"

"तू कामावर होतास."

"मंग शुक्रवारी ठरवायचं व्हतं. शुक्रवारी मी हितंच असतो."

 छत्रीवाल्या पंतप्रधानांच्या त्या करारातही ज्यांचा मुलूख वाटला गेला त्यांना बैठकीत बसू दिलं नव्हतं, हे मला तिथल्या तिथे आठवलं. पण ते सुतारासमोर बोलून दाखवणं मला योग्य वाटलं नाही.

सुताराने गॅलरीत बांबूचा पडदा लावला. फळी ठोकली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या लावल्या. संध्याकाळी मी अपराधीपणाने चहा घेऊन त्याच्याकडे जाऊन बसायचो. एकदा मी त्याला हुकूमशहांचा सगळा धडा सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "हुकूमशहा म्हंजे हुकमाचा राजाच ना वो?"

मी म्हटलं, तसा काही संबंध नाही.

"आसंल. पण राजावर एक्का असतो. आणि दुसऱ्या रंगाचा राजा असला तर हुकमाची दुर्री पण त्याला खाते. फक्त ती टाकायला लागते, मास्तर. तुम्ही धरून बसता."

मी चहा संपवला आणि आत आलो.

मे महिना आला. इथल्या मेमध्ये गॅलरीत माणूस झोपू शकत नाही. बोंबीलसुद्धा आपोआप भाजला जातो. सुताराच्या अंगावर घामोळ्यांचे चट्टे उठले. सकाळी त्याचे डोळे लाल असायचे. त्याला आत जागा मिळाली नाही तर त्याला दुसरी खोली शोधावी लागणार होती, आणि त्याच्या पगारात ती फक्त कुठल्या तरी लांबच्या कॅम्पमध्ये मिळाली असती. मी मॅनेजरला कराराची आठवण करून दिली. त्याने शांतपणे सांगितलं, की आतल्या रिकाम्या खाटेवर त्याच्या साडूचा भाऊ येतोय. आणि हो, स्वयंपाकघरातही मासे बंद करायला हवेत, भिंतीवरून वास येतो. तशी इंग्रजीतली नोटीस त्याने ऑफिसात टाइप करून स्वयंपाकघरात चिकटवली. केरळच्या शिंप्याने लाल पेनने तिच्यातली स्पेलिंगची चूक दुरुस्त केली आणि तिच्याखालीच मासे तळले.

जून लागला, आणि एका शुक्रवारी दुपारी मॅनेजरने सभा घेतली. म्हणाला, सुताराने महिनाअखेर दुसरीकडे बघावं, सगळ्यांची संमती आहे असं मी धरतो. वेल्डर भाऊ आपापली नखं बघत होते. सुतार दाराशी उभा होता, चपलांच्या रेषेजवळ.

मी म्हणालो, "नाही."

एसीच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. मॅनेजर पुढचा मुद्दा घेऊ लागला. मला घसा खाकरून पुन्हा म्हणावं लागलं, आणि या वेळी ते इतक्या जोरात निघालं की धाकटा वेल्डर दचकला.

"नाही. गॅलरी देण्याचाही मला हक्क नव्हता."

मॅनेजरने सुताराची गादी उचलून बाहेर जिन्यात ठेवली. सुताराने ती काखेत मारली आणि तो सरळ शिंप्यांच्या खोलीत गेला. शिंपी म्हणाला, "आओ भाई, मछली वाला आदमी अपना आदमी." त्यांनी मशिनांमध्ये जागा केली. हे मॅनेजरला शत्रुत्वाचं वाटलं. पॅसेजमध्ये तिन्ही खोल्यांच्या एसीचे मेन स्विच एका पेटीत होते. त्याने शिंप्यांचा एसी बंद केला. शिंप्यांनी आमचा केला. आम्ही त्यांचा. त्यांनी आमचा. खटखट सुरू असताना थोरल्या वेल्डरने चुकून मधला स्विच पाडला, आणि मधला ड्रायव्हरांचा होता.

झोपलेल्या बलाढ्य राष्ट्राला डिवचू नये, हाही पाच गुणांच्या उत्तरात येणारा मुद्दा. दार उघडलं आणि सहा फुटांचे पाच ड्रायव्हर घामाने निथळत बाहेर आले. कोणी कोणाला मारलं नाही. फक्त सगळे एकाच वेळी, चार भाषांत, एकमेकांच्या देशांविषयी बोलू लागले. मुद्दा बोंबलांवरून क्रिकेटवर गेला, क्रिकेटवरून फाळणीवर. मी मधे उभा राहून "शांती, शांती" म्हणत होतो, तेवढ्यात कोणाचा तरी धक्का लागून मी नोटिशीवर आपटलो आणि ती माझ्या पाठीला चिकटली.

एका खोलीच्या भांडणाला महायुद्ध म्हणताना मला अपराधी वाटतं. आमच्या गावातून त्या खऱ्या युद्धात गेलेली आणि परत न आलेली माणसं होती. चावडीच्या भिंतीत त्यांच्या नावांचा दगड आहे. पण त्या पॅसेजमध्ये मला पहिल्यांदा कळलं, की इतकं मोठं काहीतरी इतक्या लहान 'हरकत नाही'पासून सुरू होत असेल.

गलका ऐकून नातूर, म्हणजे आमच्या इमारतीचा वॉचमन, वर आला. त्याने काही विचारलं नाही. तिन्ही स्विच खाली ओढले, पेटीला कुलूप घातलं आणि म्हणाला, "खलास. यल्ला, सब नीचे." जूनमधली दुपार होती. अंगणातल्या बोराच्या झाडाखाली तीन राष्ट्रं बनियनवर बसली. नातूर म्हणाला, आधी सांगा सुरुवात कोणी केली. सगळ्यांनी मॅनेजरकडे बोट दाखवलं.

मॅनेजरने माझ्याकडे दाखवलं. त्याचा टाय अजून होता, पण गाठ कानाखाली गेली होती. म्हणाला, "मी प्रत्येक गोष्ट मास्तरांना विचारून केली. ते प्रत्येक वेळी हो म्हणाले. मला वाटलं, मी बरोबरच करतोय."

 माझ्या पाठीवरची नोटीस शिंप्याने हळूच काढली.

तह साधा झाला. नोटीस रद्द. सुतार आत, त्याच्या खाटेवर. पत्ते पुन्हा दर महिन्याला. कोणालाही भांडं डोक्यावर घालायला लावायचं नाही, ही अट मी घातली आणि बॅगेत जपलेला तो फोटो फाडून टाकला. मॅनेजर थोड्या दिवसांनी बदली मागून रास अल खैमाला गेला. त्याची बॅग मीच खाली नेली. टॅक्सीत बसताना त्याने खिशातून इस्पिकचा राजा काढून दिला. घामाने तो वाकला होता, त्यामुळे पुढे तो कोणाच्याही हाती गेला तरी सगळ्यांना लगेच कळायचं.

नोव्हेंबरात हवा थंड झाली तशी सुताराने आपली गादी पुन्हा गॅलरीत नेली. मिरच्यांना फुलं आली होती. मला वाटलं, कोणी काही बोललं की काय. मी धावत बाहेर गेलो आणि म्हणालो, अरे, तू आत ये, तुझी खाट आहे.

"ऱ्हाऊ दे वो," तो म्हणाला. "हितं बरं वाटतं. आणि मास्तर, गॅलरी कोणाला द्यायची झाली तर सांगा. मी हितंच आहे."

मग तो बोंबील भाजू लागला, आणि मी आत जाऊन त्याच्यासाठी ताट घेऊन आलो.