शेवटचं बोटभर मेण

मी मेणबत्त्या करते. कळंबला, माझ्याच स्वयंपाकघरात. काचेच्या भांड्यात मेण ओतायचं, मधोमध वात उभी करायची आणि मेणात वास मिसळायचा. सुरुवातीला गल्लीतल्या प्रत्येकीनं विचारलं, "लाइट जाते म्हणून करताव का?" आणि मी प्रत्येकीला फाडकन उत्तर दिलं. जन्मजात फटकळ मी. नवरा शाळेत क्लार्क आहे, तो म्हणतो, तुझ्या जिभेला ब्रेकच नाही. पण नेमका जिथं तोंड उघडायचा प्रसंग आला तिथं मी मिठाची गुळणी धरून बसले, तेच आज सांगायचं आहे. सांगताना अजूनही कान गरम होतात.

सोया मेणाच्या पांढऱ्या चकत्या मी पुण्याहून कुरिअरनं मागवायची. पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचा डबा, डब्यात मेण. नुसतं सोया मेण आमच्याकडच्या उन्हाळ्यात लोण्यासारखं मऊ पडायचं, म्हणून त्यात थोडं पॅराफिन घालायला शिकले. खरी डोकेदुखी वातीची. बारीक वात घेतली की मधोमध खड्डा पडायचा, ज्योत त्यातच बुडून मरायची आणि कडेचं मेण तसंच राहायचं. जाड घेतली की ज्योत नाचायची, काच काळी करायची. मधली सापडेपर्यंत किती मेण वाया गेलं, देवाला ठाऊक. प्रत्येक मेणबत्ती चार तास जाळायची, झाकण ठेवून शांत करायची, गार झाली की पुन्हा लावायची, आणि मेण कुठवर वितळलं, ज्योत केवढी होती, काच किती तापली ते वहीत लिहायचं. लेकाच्या दहावीच्या अभ्यासाची वहीसुद्धा मी एवढ्या निगुतीनं पाहिली नव्हती.

वासाचं काम माझ्याकडं नव्हतं. जन्म गेला फोडण्या देण्यात, माझं नाक कधीचंच मेलंय. ते काम शेजारच्या मावशींची सून करायची. मूळची तेरची पोरगी, नवरा पुण्यात कंपनीत, आणि हिला पहिल्यांदाच दिवस गेलेले. त्या दिवसांत तिचं नाक एवढं तिखट झालेलं की तीन घरं पलीकडं कुणी मेथी परतली तरी हिला कळायचं. दुपारी कामं उरकली की पदराला हात पुशीत यायची, पेटलेल्या मेणबत्तीपासून चार हात लांब बसायची आणि निकाल द्यायची.

"काकू, ह्यो मोगरा न्हाई. हे फिनेल हाय."

"अगं, महागाचं तेल आहे ते!"

"असू द्या की. महागाचं फिनेल हाय."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी तिची चांगली हजेरी घेतली असती. हिच्यापुढं मी हसायची. चंदनात खस किती घालायचा ते तिनं ठरवलं, आणि माझ्या मेणबत्त्यांना जो वास म्हणून लोक विचारत येतात तो तिचा आहे.

संक्रांत आली. मी ठरवलं, यंदा हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे नाही वाटायचे, मेणबत्त्या वाटायच्या. तोवरची माझी सगळी तपासणी जॅमच्या जाड बरण्यांत झालेली. वाणाला त्या बऱ्या दिसेनात. बाजारात छान पातळ काचेचे ग्लास मिळाले, उचलून आणले. वात तीच ठेवली, मेण तेच. दोनदा चार-चार तास जाळून बघितलं, सुरेख जळत होती. ज्या बाईचे व्हिडिओ बघून मी शिकले ती दर वेळी बजावायची, भांडं बदललं की पहिल्यापासून तपासा, आणि शेवटचं बोटभर मेण जळताना बघितल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नका, कारण तिथं ज्योत बुडाशी येते आणि काच सगळ्यात जास्त तापते. मला घाई होती. तीळ भाजायचे होते, घर झाडायचं होतं. मी म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.

पोरगी मात्र विचारून गेली. "काकू, ह्या नव्या ग्लासातली खालपर्यंत जाळून बघितली का?"

"बघितली की," मी म्हणाले. वहीतही बरोबरची खूण करून टाकली.

आता एक गोष्ट सांगते, जी त्या व्हिडिओवाल्या बाईला माहीत असायचं कारण नाही, पण मला पुरेपूर माहीत होती. आमच्याकडं वाण आलं की आधी देवापुढं जातं. आणि देवापुढं एकदा लावलेला दिवा कुणी आपल्या हातानं विझवत नाही. तो आपोआप शांत होईपर्यंत तेवू देतात. मी स्वतः कधी विझवलेला नाही. म्हणजे चार तास जाळा आणि झाकण ठेवा हे माझ्या ओट्यावर ठीक होतं. वाणातली मेणबत्ती पेटली की बुडापर्यंतच जाणार, एका दमात. हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती.

बहुतेक बायकांनी मेणबत्त्या शोकेसमध्ये ठेवल्या. "एवढी देखणी, जाळायची कशाला?" म्हणाल्या. मावशींनी मात्र शुक्रवारी सकाळी सुनेच्या हातानं देवापुढं लावली. दिवसभर तेवली, रात्रभर तेवली. शनिवारी सकाळी मी चहाला आधण ठेवत होते तेवढ्यात भिंतीपलीकडून मावशींची किंकाळी आली.

धावत गेले. देवघरात ग्लासाचे दोन तुकडे पडलेले. मेण सांडून देवाखालच्या लाल कापडाला वाटीएवढं भोक पडलेलं, फळी काळी झालेली. पोरीनं तांब्याभर पाणी ओतून विझवलं होतं. भाजलं कुणालाच नव्हतं. पण मावशींचा चेहरा पांढराफटक.

"संक्रांतीचं वाण देवापुढं फुटलं! आन् हिला सातवा लागलेला! काय मनात धरून लावलीस गं? कसल्या हाताची हाईस तू?"

पोरीनं पदरानं फळी पुसायला घेतली. मावशी माझ्याकडं वळल्या. "तू सांग बाई. इतक्या जणींना दिलीस. दुसऱ्या कुणाची फुटली का?"

एवढंच म्हणायचं होतं, की मावशी, तिचा हात कसला घेऊन बसलात, त्या ग्लासाला वात जाड होती, काच पातळ होती, मी तपासलं नाही. तीन वाक्यं. मला लातूरच्या एका दुकानानं आदल्याच दिवशी मेणबत्त्यांबद्दल विचारलं होतं. गल्लीत माझं नाव झालं होतं. जीभ टाळ्याला चिकटली, आणि सुटली तेव्हा म्हणाली, "नाही हो. बाकीच्या सगळ्या चांगल्या आहेत. जरा जपून लावायला पाहिजे होती."

असं मी म्हणाले. ज्या पोरीनं मला विचारलं होतं, खालपर्यंत जाळून बघितली का, तिच्यासमोर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तपासणीतली एक अर्धी जळालेली मेणबत्ती परातीत ठेवून पेटवली आणि समोर बसून राहिले. संध्याकाळी मेण बोटभर उरलं तशी ज्योत मोठी झाली. वातीखालची पत्र्याची चकती तापली. मग टक् असा बारीक आवाज आला आणि ग्लास बुडापासून उभा चिरला. आता शंकेलाही जागा उरली नाही.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग जाऊन सांग की." मी त्याच्यावरच खेकसले. जेवण होईस्तोवर खेकसत राहिले. तो ताट उचलून मोरीत ठेवून आला आणि पुन्हा तेच म्हणाला, "जाऊन सांग."

नाही गेले. आज जाईन, उद्या जाईन. त्याच आठवड्यात पोरीचं डोहाळजेवण ठरलेलं होतं. हिरवी साडी आणून ठेवलेली, फुलांचे दागिने सांगितलेले, ओटी भरायला कुणाकुणाला बोलवायचं ते पोरीनं माझ्याच ओट्यावर बसून लिहून काढलेलं. मावशींनी सगळं रद्द केलं. देवापुढं दिवा फुटल्यावर थाटमाट नको, कुणाची दृष्ट नको, गपचिप माहेरी धाडते, म्हणाल्या. पोराचा पुण्याहून फोन आला तर त्यालाही ऐकवलं, "तुला काय कळतंय त्यातलं?" पहिल्या खेपेचं डोहाळजेवण बाईच्या आयुष्यात एकदाच असतं. ते मी तिला तीन वाक्यांत परत देऊ शकत होते. आणि मी भिंतीच्या अलीकडं बसून लातूरच्या दुकानाला फोटो पाठवत होते. लाज कशी वाटली नाही, असं कुणी विचारेल. वाटत होती हो. लाज वाटत असताना माणूस बाकीची सगळी कामं करू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

तिला एस्टीत बसवायला मीही स्टँडवर गेले. डिंकाच्या लाडवांचा डबा दिला. तेरला जाणारी गाडी लागली, तिचा भाऊ पिशव्या घेऊन पुढं चढला. ती सावकाश वाकून सासूच्या पाया पडली, मग माझ्या. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सुखरूप मोकळी हो." गाडी गेली. मावशी आणि मी घरी आलो.

त्याच संध्याकाळी मावशी माझ्या दारात. "येतीस का जरा? देवापुढं दिवा लाव."

"मी? तुमच्या घरी?"

"माझा हात कापतोय बाई. मलाच भ्या वाटतंय. तू वाटलेलं दुसऱ्या कुणाकडं एकबी फुटलं न्हाय. तुझ्या हाताला यश हाय. तूच लाव."

गेले. लावला. दुसऱ्या दिवशीही आल्या, तिसऱ्या दिवशीही. मी काडी ओढायची, समईची वात पेटवायची, आणि मावशी मागं हात जोडून उभ्या राहायच्या, सुनेचं सगळं नीट होऊ दे म्हणून पुटपुटायच्या. सोमवारचे उपास धरलेले, पायात चप्पल घालणं सोडलेलं. ते भोक पडलेलं लाल कापड त्यांनी धुऊन, घडी करून फळीवरच ठेवलं होतं. फेकायलाही भीत होत्या. आठ-दहा दिवस मी असा यशस्वी हात घेऊन त्यांच्या घरी जात राहिले. नवव्या की दहाव्या दिवशी काडी पेटली, बोटाला चटका बसला, तरी मला ती वातीपर्यंत नेता येईना.

"मावशी, तुमच्या सुनेनं काही केलं नाही. माझ्यामुळं फुटली ती." मग सगळं सांगितलं. वात, काच, वहीतली खोटी खूण, परातीत फुटलेला ग्लास. सगळं.

त्या पाटावर बसल्या.  मला वाटलं शिव्या घालतील, घालाव्यात असंच वाटत होतं.

"म्या तिला बोलत हुते, तवा तू हितंच हुतीस न्हवं?"

"होय."

"आन् डोहाळजेवण मोडलं तवा?"

"होय."

 उठल्या, कोनाड्यातला मोबाइल घेतला आणि सुनेला लावला, स्पीकरवर. सासूपणाचा केवढा ताठा त्या बाईला, सगळी गल्ली वचकून असते. पण पोरीनं हॅलो म्हणताच त्या म्हणाल्या, "पोरी, माझं चुकलं गं. दिवा तुझ्यानं न्हाय फुटला. म्या उगी तुला लागट बोलले. तुझा सण मोडला म्या." एका दमात. मला जे जमायला इतके दिवस लागले ते त्यांनी मिनिटभरात केलं, माझ्यासमोर, आणि माझं नावसुद्धा घेतलं नाही. मग फोन माझ्यापुढं धरला. "बोल."

मी बोलले-न-बोललेसं करून सांगितलं.  मग तिनं विचारलं, "काकू, तुमाला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंजी मी स्टँडवर तुमच्या पाया पडले तवा ठावं होतं."

"होय."

 मागं तिच्या आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं आता फोन ठेवेल. तर ती अगदी हळू म्हणाली, "काकू, एक इचारू? तो आशीर्वाद तर मनापासून दिला हुता ना?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भीती होती, पोटातल्या लेकरासाठीची. आणि खरं विचाराल तर तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं, की एस्टी लवकर सुटावी आणि ही माझ्या नजरेसमोरून जावी.

तिला लेक झाली. दोघी धडधाकट आहेत. आता माझी प्रत्येक मेणबत्ती बुडापर्यंत जळून झाल्याशिवाय घराबाहेर जात नाही, आणि त्या फुटलेल्या ग्लासाची गोष्ट मी कुणालाही सांगते, दुकानवाल्यालासुद्धा. फक्त फोनवरच्या तिच्या त्या प्रश्नाचं खरं उत्तर अजून कुणाला सांगितलेलं नाही, मावशींना नाही, नवऱ्याला नाही.

"मनापासून गं," असं म्हणाले मी. "अगदी मनापासून."